हॉलमध्ये सराउंड साउंड: स्पीकर भिंतीत बसवू की सीलिंगमध्ये? (मुलुंड, १७ बाय साडेदहा फूट)

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी,

रिडेव्हलपमेंटमधला आमचा फ्लॅट एकदाचा हातात आला. मुलुंड पूर्व, चौदावा मजला. इंटिरिअर चालू आहे. फॉल्स सीलिंगचा सांगाडा लागलाय, जिप्सम बोर्ड चढायचे बाकी आहेत. सीलिंगवाला रोज सकाळी तेच विचारतो, "मॅडम, स्पीकरचं काय ते सांगा, नाहीतर मी बंद करून टाकतो." म्हणून जाणकारांना साकडं.

हॉल १७ फूट लांब, साडेदहा फूट रुंद. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या लांब भिंतीला पाठ टेकवून तीन माणसांचा सोफा. सोफ्याचा मध्य बाल्कनीच्या दारापासून साडेपाच फुटांवर येतो. बसल्यावर डाव्या हाताला ते बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजव्या हाताला जेवणाचं टेबल आणि पुढे स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा भाग. म्हणजे बाजूच्या भिंती म्हणाव्यात अशा नाहीतच. सोफ्यामागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, टीव्हीच्या भिंतीपलीकडे आमचीच. फॉल्स सीलिंग झाल्यावर उंची पावणेनऊ फूट राहील.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाचही स्पीकर सीलिंगमध्ये टाका, एकदम क्लीन दिसेल. नवऱ्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठरवलंय की सगळे भिंतीत. त्या व्हिडिओंत माणूस एका हाताने करवत घेतो आणि भिंत खरवसासारखी कापतो. सासऱ्यांची मागणी एकच, बातम्या आणि मालिकांमधलं बोलणं कळलं पाहिजे. सकाळी ते नाट्यसंगीत लावतात, ते वेगळं. माझी अट म्हणजे जमिनीवर खोकी नकोत. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे आणि दिसेल त्या भोकात बोट घालतो.

आत्ता ५.१ करायचंय, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज, पुढेमागे. रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेतलेला नाही, स्पीकरही नाहीत. भिंत की सीलिंग?

---

खाडीपलीकडचा

आधी भिंत कसली आहे ते सांगा. नवीन टॉवर आहे म्हणजे मिवान, साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत असणार. मिवान असेल तर यजमानांना ते व्हिडिओ बंद करायला सांगा. :)

---

पार्लेकर_ऐकतो

आमच्याकडे पाचही सीलिंगमध्ये आहेत, चार वर्षं झाली. अजिबात तक्रार नाही. पाहुणे आले की विचारतात, आवाज येतोय कुठून? धूळ नाही, वायरी नाहीत, बायको खूश. उगाच कोन मोजत बसू नका, घर राहण्यासाठी असतं. कॉन्ट्रॅक्टर बरोबर सांगतोय.

---

साधा_माणूस

एक साउंडबार घ्या आणि सुखी व्हा. एवढ्याशा हॉलमध्ये पाच स्पीकर म्हणजे अतीच.

---

विंगेतला

ताई, बोर्ड चढायच्या आत विचारलंत हे फार बरं केलंत. मला बहुतेक फोन येतात ते रंग झाल्यावर.

मी आधी बरीच वर्षं नाटकांचा साउंड करायचो. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी, दौऱ्यावर मिळेल ते नाट्यगृह. आता घरांची कामं करतो, दहिसर ते कुलाबा आणि इकडे बदलापूरपर्यंत. त्यामुळे माझी मतं जरा ठाम आहेत, चालवून घ्या.

तुमचा प्रश्न भिंत की सीलिंग असा आहे, पण ५.१ मधले पाच स्पीकर एकाच कामाचे नसतात. पुढचे तीन, म्हणजे डावा, सेंटर आणि उजवा, यांचं काम पडद्यावरच्या माणसाचा आवाज त्या माणसाच्या तोंडून काढणं. मागचे दोन सराउंड नुसती जागा उभी करतात. पाऊस, बाजार, स्टेडियम. या दोन कामांना एकच उत्तर लावायला गेलं की घोळ होतो.

पुढचे तीन सीलिंगमध्ये नकोत. तुमच्या आकड्यांतच बघा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर. सीलिंग पावणेनऊवर. म्हणजे साडेपाच फुटांची उंची. टीव्हीच्या भिंतीलगत सीलिंगमध्ये स्पीकर ठेवला तर तो कानापासून आडवा आठ फूट लांब. याचा कोन ३५ अंशांच्या आसपास येतो. बातम्या देणारी बाई समोर आणि तिचा आवाज ३५ अंश वरून! डोळे आवाजाला ओठांकडे ओढून घेतात हे खरं, पण थोड्याच अंतरापर्यंत. नाटकात आम्ही रंगमंचाच्या पुढच्या कडेला छोटे स्पीकर ठेवायचो ते याचसाठी. पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाचा आवाज वरच्या मोठ्या स्पीकरमधून आला की तो नटाकडे बघायचं सोडून मान वर करतो.

तुमच्या सासऱ्यांसाठी तर हा मुद्दा सगळ्यात मोठा. वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, त, थ, च ही व्यंजनं ओळखू येतात ती त्याच पट्टीमुळे. सीलिंगमधला साधा स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून असतो. त्याचा ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, फरशीला छान ऐकवतो आणि सोफ्यावर जे येतं ते कडेचं, वरची पट्टी गळालेलं. मग सासरे आवाज वाढवतात, बोलणं तरीही कळत नाही आणि पार्श्वसंगीत मात्र डोक्यावर आदळतं. स्पीकर महागाचा घेतला म्हणून यात फरक पडत नाही, जागाच चुकीची असते.

तेव्हा पुढचे तीन टीव्हीच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला. आता भिंतीत म्हणजे कशात? खाडीपलीकडच्यांनी विचारलंय ते आधी तपासा. ठोकून बघा. ठप्प आवाज आला, ड्रिल मारल्यावर करडी पावडर पडली आणि बिट तापला तर काँक्रीट. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली आरसीसी भिंत, आत सळया. ती बिल्डिंगचं वजन घेते. त्यात स्पीकरसाठी खिडकी पाडणं हा विषयच नाही, आणि साधी वायरची चर मारायलाही बहुतेक सोसायट्या मनाई करतात. ताब्याच्या वेळी जे कागद दिलेत त्यात असेल, वाचून घ्या.

अमेरिकेत ती करवत चालते कारण तिथली आतली भिंत म्हणजे लाकडी खांब, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड आणि मध्ये साडेतीन इंच पोकळी. स्पीकरवाल्यांनी इन-वॉल मॉडेलांची खोली त्याच पोकळीला धरून केलेली असते. आपल्याकडे पोकळीच नाही. जुन्या बिल्डिंगमधली पार्टिशनची विटेची भिंत सुद्धा साडेचार इंची. त्यात चार इंच खोदलं तर शेजारी आपल्याशी थेट बोलू शकतील.

मग पोकळी आपण करायची. तुम्ही टीव्हीच्या मागे पॅनेल करणारच असाल, हल्ली सगळेच करतात, ते उभ्या पट्ट्यांचं. ते भिंतीपासून दीड इंचाऐवजी पाच इंच पुढे घ्या, पण फक्त स्पीकर येतात तिथे. सुताराला सांगा, प्रत्येक स्पीकरमागे १८ मिलिमीटर प्लायचा बंद कप्पा हवा, मागून-बाजूने सीलबंद, आत आवाज शोषायला रॉकवूल किंवा पॉलिफिल. किती लिटरचा कप्पा ते स्पीकरच्या कागदावर दिलेलं असतं. कप्पा केला नाही तर अख्खं पॅनेल स्पीकरबरोबर गुणगुणतं आणि पलीकडच्या बेडरूममध्ये ढबढब जाते. सुतार म्हणेल गरज नाही. तो असं नेहमी म्हणतो.

डावा आणि उजवा स्पीकर सोफ्याच्या मध्यापासून प्रत्येकी चार-सव्वाचार फूट बाजूला येऊ द्या. कान पॅनेलपासून नऊ फुटांवर धरले तर हा कोन २५ अंशांच्या आसपास बसतो. डॉल्बीची शिफारस २२ ते ३० आहे. डावीकडे बाल्कनीचं दार साडेपाच फुटांवर म्हणालात, म्हणजे जागा आहे. पडदा उघडल्यावर गोळा होतो तो त्या स्पीकरवर यायला नको, एवढं बघा.

सेंटर टीव्हीच्या खाली, ट्वीटर वर वळवता येणारा. तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे घ्या. आडवा सेंटर, ज्यात मध्ये ट्वीटर आणि दोन बाजूंना खालच्या पट्टीचे दोन वूफर असतात, तो अगदी समोर बसलेल्याला ठीक लागतो. सोफ्याच्या टोकाला बसलं की दोन वूफरांचे आवाज एकमेकांना काही ठिकाणी खातात आणि बोलणं पोकळ होतं. आणि टोकाला बसतात ते बहुतेक घरांत सासरेच.

आता मागचे दोन. इथे मात्र तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं थोडं ऐकता येईल. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, साइटवरून फोन येतोय.

---

पार्लेकर_ऐकतो

विंगेतले साहेब, म्हणजे चार वर्षं मी चुकीचं ऐकतोय म्हणता?

---

विंगेतला

नाही हो. तुम्ही गाणी जास्त लावत असाल आणि माणसं घरभर फिरत असतील तर सीलिंगसारखं दुसरं काही नाही. आवाज सगळीकडे सारखा पसरतो. हॉटेलांत, दवाखान्यांत म्हणूनच तेच असतात. पाहुणे विचारतात ना, आवाज येतोय कुठून? पार्श्वसंगीताला ते कौतुक. सिनेमात मात्र कुठून येतोय ते कळलंच पाहिजे.

बरं, ताई, सराउंड.

५.१ मध्ये सराउंड कानाच्या पातळीला किंवा जरासे वर, समोरच्या मध्यरेषेपासून ११० अंशांच्या आसपास हवेत. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारस १०० ते १२०, डॉल्बीची ११० ते १२०. सोप्या भाषेत, खांद्याच्या रेषेत किंवा किंचित मागे. मुंबईत सोफा भिंतीला चिकटलेला, त्यामुळे मागे जागाच नसते. तुमच्या बाजूच्या भिंतीही नाहीत. राहते सोफ्यामागची भिंत. ती शेजाऱ्यांची सामाईक आणि बहुधा मिवान, म्हणजे भिंतीत बसवण्याचा प्रश्न संपला. भिंतीवर मात्र बसवता येतात. चार इंच खोलीचे चपटे ऑन-वॉल स्पीकर मिळतात, लोखंडी जाळीचे. सोफ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेचार फुटांवर आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर लावा. कानापेक्षा सव्वा फूट वर. कोन १०० च्या जवळपास येतो. उजवीकडे भिंत तेवढी सलग आहे का ते मात्र मोजून घ्या, तिथे स्विचबोर्ड असतो.

वायर कशी न्यायची? सीलिंगमधून खाली, सोफ्यामागे पातळ पॅनेल करणार असाल तर त्यामागून, नाहीतर पांढऱ्या पट्टीतून. साडेतीन-चार फुटांची पट्टी, भिंतीच्या रंगात रंगवली की दिसत नाही.

हे नकोच असेल तर सीलिंग. पण मग काय मिळेल आणि काय जाईल ते समजून घ्या. बाल्कनीच्या दाराकडे सीलिंगमध्ये जास्तीत जास्त पाच फूट बाजूला जाता येईल, पुढे पडद्याचं पेल्मेट. उंची साडेपाच फूट. म्हणजे स्पीकर ४५ अंशांपेक्षा वरच. कानाजवळून जाणारी गाडी डोक्यावरून जाईल. वाईट लागतं का? पाऊस-वारा-गर्दीला नाही लागत. बहुतेक लोकांना चालतं, खरंच. अशा वेळी ज्यांचा वूफर तिरका बसवलेला असतो अशी सीलिंग मॉडेलं घ्यायची आणि तोंड सोफ्याकडे करायचं. नुसता ट्वीटर हलणारी चालतात, पण तिरका वूफर असेल तर बोलण्याची पट्टी जास्त चांगली पोचते.

मात्र सराउंड सीलिंगमध्ये टाकलेत की ॲटमॉसचं स्वप्न तिथेच सोडा. ॲटमॉसची सगळी गंमत खालचा थर आणि वरचा थर वेगळे ऐकू येण्यात आहे. २०१२ मध्ये सिनेमागृहांत आणि २०१४ मध्ये घरांत ते आलं तेव्हापासून डॉल्बीचं सांगणं हेच, सराउंड खाली ठेवा, तरच वरचा वर वाटेल. चारही वर टाकले तर वरचा थर दुप्पट आणि खालचा गायब. लोक असं करतात, बिलावर ५.१.२ (शेवटचे दोन वरचे) लिहून घेतात आणि मग मला विचारतात की हेलिकॉप्टर वेगळं का वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं: पुढचे तीन पॅनेलमध्ये, सराउंड दोन मागच्या भिंतीवर, आणि सीलिंगमध्ये आत्ता फक्त दोन वायरी टाकून ठेवा.

---

मुलुंडकरीण

बाप रे, एवढं सविस्तर! विंगेतले काका, मनापासून धन्यवाद. (काका म्हटलं तर चालेल ना?)

ठोकून आणि ड्रिल मारून पाहिलं. करडी पावडर. मिवानच. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पॅनेल पाच इंच पुढे घ्यायला सुतार तयार आहे, वर म्हणतो कप्प्याची गरज नाही. :) मी म्हटलं कप्पा होणारच.

सोफ्यामागे पातळ पॅनेल करतोय, म्हणजे वायर लपेल. पण त्या भिंतीवर स्पीकर लावले तर शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये आवाज जाणार नाही का? त्यांच्याकडे आजी आहेत, नऊ वाजता झोपतात. आणि सीलिंगमधल्या वायरी नेमक्या कुठे सोडू? हॉलच्या मधोमध पंखा आहे, सोफ्याच्या वर एसीचा पाइप जातो.

---

नाहूरचा_स्थापत्य

काका उत्तर देतीलच, भिंतीपुरतं मी सांगतो, माझं काम तेच. काँक्रीटची भरीव भिंत जड असते, त्यामुळे हवेतून येणारा आवाज ती विटेच्या पातळ भिंतीपेक्षा जास्त अडवते. बोलणं, गाणं पलीकडे फारसं जाणार नाही. जातात ते ठोके. भिंतीला घट्ट बोल्ट केलेली वस्तू थरथरली तर काँक्रीट ते लांबपर्यंत नेतं, कारण भिंत आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतात. स्पीकरच्या ब्रॅकेटमागे रबराचे वॉशर घाला. अँकरसाठी दोन-चार भोकं पाडायला हरकत नसते, पण सळई लागली तर जोर न करता भोक इंचभर सरकवा.

मिवान फ्लॅटमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीटमध्ये आधीच गाडलेले असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल अजिबात नको.

---

विंगेतला

काका चालेल. साइटवर पोरं आजोबा म्हणतात.

नाहूरकरांनी बरोबर सांगितलंय. त्यात भर एवढीच की सराउंडमधून खालचा बास जातच नाही. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवलात की त्याखालचं सगळं सबवूफरकडे. आजींची झोप मोडेल ती सबवूफरने. तो सोफ्याजवळ, त्या सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका. टीव्हीच्या भिंतीकडे ठेवा, खाली जाड रबर पॅड. आठ इंची पुरतो. कोपऱ्यात ढकलला की आवाज फुगतो, म्हणून दुकानदार तिथेच ठेवून दाखवतात. जमिनीवर खोकं नको म्हणालात, पण हे एक खोकं ठेवावंच लागेल. पॅनेलमध्ये घालायला जाऊ नका. तोंडाशी जाळी असलेला घ्या, मुलाच्या बोटांसाठी. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक, दाबण्याची सोय असते. वेगवेगळ्या कंपन्यांत नाव वेगळं, बहुतेक ठिकाणी नाइट मोड. रात्री ती लावा. स्फोट बसतात, बोलणं वर येतं. सासऱ्यांना दिवसासुद्धा आवडेल.

सीलिंगच्या वायरी. सोफा भिंतीला टेकलेला असताना वरचे दोन स्पीकर कानाच्या रेषेपासून एक ते अडीच फूट पुढे यावेत. डॉल्बीच्या हिशोबात ६५ ते १०० अंश, त्यातला पुढचा भाग. आडवं अंतर पुढच्या डाव्या-उजव्याच्या रेषेत किंवा जरा आत. आता पंखा. स्पीकर पात्यांच्या घेराच्या वर आला तर प्रत्येक पातं आवाज कापतं आणि कंप ऐकू येतो, पंखा तीनवर असताना तर कोणी भोंग्यातून बोलतंय असं वाटतं. घेर चार फुटांचा धरा, त्याच्या बाहेर किमान फूटभर राहा. एसीच्या पाइपला स्पीकर टेकवू नका. तांब्याच्या पाइपवरचं इन्सुलेशन फाटलं की पाणी ठिबकतं, आणि ते स्पीकरच्या कागदी कोनावर (आवाज काढणाऱ्या शंकूवर) पडलं की संपलं.

आज सीलिंगवाल्याकडून एवढं करून घ्या. स्लॅब ते बोर्ड किती पोकळी उरते ते मोजा. उंची वाचवायला चार इंचात सीलिंग बसवतात आणि बऱ्याच स्पीकरना मागे चार इंच किंवा जास्त लागतात. जिथे स्पीकर येईल तिथे जीआय चॅनेल (सांगाड्याची पत्र्याची पट्टी) यायला नको, दोन चॅनेलच्या मध्ये मोकळी जागा ठेवायला सांगा आणि तिथे बोर्डाच्या वरून प्लायची रिंग टाका. स्पीकरचे कान बोर्डाला पकडतात, वर्षानुवर्षांच्या कंपाने जिप्सम भुसभुशीत होतो. रिंग असली तर तो भार प्लायवर जातो.

वायर १६ गेज, शुद्ध तांब्याची. चाळीस-पन्नास फुटांपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला पुरते. लॅमिंग्टन रोडला गेलात तर गुंडाळी हातात घेऊन टोक खरवडून बघा. आतून चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ठेवून द्या. वायर वेगळ्या कंड्युटमधून, विजेच्या वायरींपासून फूटभर लांब. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. प्रत्येक टोकाला तीन फूट जास्तीची वळी सोडा. आणि बोर्ड चढायच्या आधी मेजरिंग टेप धरून सगळ्या सीलिंगचे फोटो काढा, भिंतीपासून अंतर दिसेल असे. दोन वर्षांनी ॲटमॉस करायला याल तेव्हा वायर कुठे आहे हे सीलिंगवाल्याला आठवणार नाही आणि तोवर त्याचा नंबरही बदललेला असेल.

मुलुंड पूर्वेला मिठागरं जवळ आहेत, हवेत खार असतो. स्पीकरच्या कोनाभोवतीची कड रबराची घ्या, फोमची नको. आपल्या दमट हवेत फोमचा काही वर्षांत भुगा होतो.

---

साधा_माणूस

तरीही साउंडबार...

---

विंगेतला

अहो, चुकीचं नाही ते. भाड्याचं घर असतं तर मीही तेच सांगितलं असतं. इथे सीलिंग उघडं आहे आणि सुतार साइटवर आहे, असा योग परत येत नाही.

---

मुलुंडकरीण

आज सीलिंगवाल्याला सगळं दाखवलं. दोन जागा चॅनेलच्या मध्ये मोकळ्या ठेवल्या, प्लायच्या रिंगा टाकल्या, फोटो काढले. पोकळी पाच इंच आहे. कॉन्ट्रॅक्टर जरा घुश्शात आहे, "मॅडम, तुम्ही इंटरनेटवर कशाला विचारता" म्हणाला.

नवरा आता पुढच्या तीन स्पीकरांची मॉडेलं बघतोय, यामाहा की पोल्क की क्लिप्श. यातलं काय?

आणि शेवटचा प्रश्न, रंगारी म्हणतो स्पीकरच्या जाळ्या पॅनेलच्या रंगात रंगवून देतो. देऊ का?

---

विंगेतला

तिघेही चालतील. दुकानात स्वतःची वाटी-भाजी घेऊन जा, म्हणजे सासऱ्यांची मालिका फोनवर लावा आणि तीच ऐकून ठरवा. दुकानदाराच्या डेमोत नेहमी स्फोट असतात, त्यात सगळेच स्पीकर छान वाटतात. सासऱ्यांना सोबत न्या आणि त्यांना डोळे मिटून बसवा. ज्या स्पीकरवर ते आवाज वाढवायला सांगणार नाहीत तो घ्या. मागचे सराउंड त्याच कंपनीचे, जमलं तर त्याच सिरीजमधले, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो.

जाळी रंगवायला हरकत नाही, पण स्प्रेनेच, ब्रशने नाही. जाळीच्या आतल्या बाजूला पातळ कापड चिकटवलेलं असतं, ते आधी अलगद काढायचं. नाहीतर रंग कापडात मुरतो आणि ट्वीटरचं तोंड कायमचं बंद. पातळ दोन हात द्यायचे, वाळल्यावर उजेडाकडे धरून बघायचं, भोकं बुजली असतील तर टाचणीने मोकळी करायची, मग कापड परत लावायचं. रंगाऱ्याला हे करताना बघत उभ्या राहा.

आणि जाळ्या लावायच्या आधी एक काम. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. रिसीव्हरच्या टोकाला वायर काढून ठेवलेली असताना लाल वायर सेलच्या प्लसला आणि काळी मायनसला क्षणभर टेकवा, आणि घरातल्या कोणालातरी स्पीकरकडे बघायला सांगा. कोन पुढे आला तर वायर सरळ जोडली आहे, आत गेला तर उलटी. पाचही असे तपासा. एक जरी उलटा असला तर मधला आवाज विरघळतो आणि मग लोक रिसीव्हरला दोष देत बसतात. ट्वीटरसाठी हे करू नका, फक्त वूफर हलतो का तेवढं बघायचं.

मग रिसीव्हरबरोबर आलेला माइक कानाच्या उंचीवर ठेवून त्याची मोजणी चालवा. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ. पंखा, एसी बंद, बाल्कनीचं दार बंद, मुलगा आजीकडे. मोजणी झाल्यावर स्पीकर सेटिंगमध्ये जाऊन बघा, रिसीव्हरने पुढच्या तिघांना "लार्ज" ठरवलं असेल तर ते "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० वर आणा. सेंटर अर्धा-एक डेसिबल वर ठेवलात तरी कोणी पोलिसांत देणार नाही.

---

पार्लेकर_ऐकतो

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझे पुढचे तीन खाली आणायला पॅनेल किती रुंद लागेल? भिंत विटेची आहे, बिल्डिंग १९८४ ची.